आमच्या घरातला यहूदा

धाकट्या दिराला यहूदा करण्याचा माझा मुळीच विचार नव्हता. सोसायटीच्या गणपती अंकात दोन पानं रिकामी होती, म्हणून मी कथा लिहिली, इतकंच.

तेव्हा हिंजवडीत नोकऱ्या जात होत्या. माझ्या कथेतला टीमलीडर हाताखालच्या बारा जणांना वाचवायला स्वतःच राजीनामा देतो. गुरुवारी सगळ्यांना घरी जेवायला घालतो, शुक्रवारी नोकरी सोडतो आणि रविवारी कंपनीचा फोन येतो, "परत या!" जेवताना एक जण ॲसिडिटीमुळे मधूनच उठतो, टीमलीडरला मिठी मारतो आणि निघून जातो. (हे मी विनयभावजींवरून उचललं. कुठल्याच पंगतीत ते ताकापर्यंत टिकत नाहीत.)

प्रकाशनाला आमच्या इमारतीतले निवृत्त प्राध्यापक दीक्षित सर माईकवर गरजले, "हा टीमलीडर म्हणजे येशू! बारा शिष्य, शेवटचं भोजन, शुक्रवारी बलिदान, रविवारी पुनरुत्थान!"

मी चाट! बारा जण होते, कारण आमच्याकडे ताटं डझनभरच आहेत. रविवारी फोन, कारण सोमवारी कंपनीची बस चुकायला नको. पण इतकं जुळतंय म्हटल्यावर मलाच कुतूहल वाटू लागलं. असेलही माझ्यात खोली!

"आणि मिठी मारून जाणारा तो, येशूला पकडून देणारा यहूदा! बरोबर ना, बाई?"

"अगदी बरोबर!" मी म्हणाले. माईकमध्ये!

पहिल्या रांगेतून जाऊबाई उठल्या. "ताई, ॲसिडिटी आमच्या ह्यांनाच आहे ना?"

"अगं स्वाती, ते प्रतीक आहे!"

"छान. मग परवा गौरीच्या पुरणपोळ्या प्रतीकाकडूनच लाटून घ्या."

जेवायला वीस माणसं, आणि माझी पुरणपोळी तव्यावर पडायच्या आत फुटते. मी सरांचं दार ठोठावलं.

"सर, यहूदाचं काही करता येईल का?"

"बाई, लेखकाचा हेतू महत्त्वाचा नसतो."

"हेतू राहू द्या हो, पुरण महत्त्वाचं आहे! तुम्हीही जेवायला या."

सर लगेच दिराच्या घरी गेले. "यहूदा नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. म्हणजे खरा नायक तोच!"

"नायक?" भावजी खुलले. स्वातीने लाटणं उचललं.

गौरीची पंगत उठताना भावजींनीच विचारलं, "सर, मग या कथेत वहिनी कोण?"

"त्या? अहो, येशू निर्दोष आहे हे ठाऊक असून त्याला लोकांच्या हवाली करणारा सुभेदार होता ना, पिलात? 'माझा काही संबंध नाही' म्हणत सगळ्यांदेखत त्याने हात धुतले!"

वीसच्या वीस माना माझ्याकडे वळल्या. मी बेसिनपाशी होते, आणि नळ चालू होता.