पेपरात दिलेला आकडा

ती घटना आठवली की आजही मी सुन्न होतो. सत्तरच्या दशकात मी वाशिम ठाण्यात फौजदार होतो. पेरणीच्या तोंडावर खबर आली की एका सहकारी सोसायटीचं खत बैलगाड्यांतून केनवड गावाकडं काळ्या बाजारात जातं. पंचांसमक्ष गोदाम तपासलं. पुढच्या रांगेत खत होतं, मागच्या पोत्यांत नुसती माती. शिल्लक मालाच्या दाखल्यावर सही होती हिशेबनिसाची. अफरातफरीचा गुन्हा नोंदवून त्याला ठाण्यात आणलं.

पोरगा बी.कॉम., पहिल्या वर्गात पास. घरातला पहिला पदवीधर. त्याची आई भाजी विकायची. ती ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. "साहेब, मायं लेकरू चोर नाई. एकडाव डाग लागला तर त्याले नोकरी कोन देईन?"

जबाबासाठी बोलावलेला सोसायटीचा गोदामपाल मिशीत हसला. "शिकेल पोट्टं हाय साहेब. आमाले कुठं हिशेब येते? त्यानंच केलं असन."

मलाही तसंच वाटत होतं. चौकशीत पोराला घसारा, ताळेबंद, सगळं तोंडपाठ. शेवटी त्याला सोसायटीच्या आवारात नेलं आणि म्हणालो, "चल, मातीची पोती कुठं लावलीस दाखव."

समोर टिनाच्या तीन सारख्या शेड. तो गोंधळला. मग शेजारच्या शिपायाला हळूच म्हणाला, "भाऊ, गोदाम कोनतं?"

मी थक्क झालो. "सह्या करतोस आणि गोदाम पाहिलं नाहीस?"

"नाई साहेब. गोदामपाल आकडा सांगत, मी लिवत होतो. परीक्षेच्या पेपरात बी आकडा देलेलाच राहते. तो खरा हाय का, असं कोनी कधी इचारलंच नाई."

सोंग असेल म्हणून हमालांना वेगवेगळं विचारलं. एकानंही त्याला आत पाहिलं नव्हतं. खत नेणारा गाडीवान समोर आणताच गोदामपालानं चोरीची कबुली दिली.

पोराची रदबदली करायला त्याचे प्राध्यापक आले होते. "माझा सर्वांत हुशार विद्यार्थी," ते म्हणाले. मी विचारलं, "मुलांना कधी एखाद्या गोदामात नेलंत?" ते शांतपणे म्हणाले, "ते अभ्यासक्रमात नाही." त्या उत्तराचा धक्का मातीच्या पोत्यांपेक्षा मोठा होता.

पोरगा गुन्ह्यातून सुटला, पण नोकरी गेली. सही त्याचीच होती. त्या दिवसापासून हिशेब तपासताना मी आधी माल पाहायला लागलो. त्याच्या आईचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पोराला घेऊन निघताना ती म्हणाली होती, "साहेब, इतके वर्स शिकोलं त्याले, मंग हे काहून नाई शिकोलं?"