पेन्सिलीचा एक दिवस

साळवे सर गेल्याचे कळले तेव्हा मी महाविद्यालयाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेत होतो. सकाळचे साडेसात झाले असावेत. फोन वहिनींचा होता. लग्नाला चाळीस वर्षे झाली तरी त्याही त्यांना 'सर'च म्हणत. "सर उठून न्हाई राह्यले... तुमी या," एवढेच त्या बोलल्या. मी हातातली दोरी तशीच टाकून निघालो. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या गल्लीत धान्याच्या गोण्या उतरवणारा टेम्पो आडवा उभा होता. त्याच्या मागे गाडीवर थांबलो असताना मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, आणि हे लिहिताना मला लाज वाटते. मी मनाशी म्हटले, आता त्यांना सांगायचे राहूनच गेले.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. मधल्या काळात त्यांच्या शांत स्वभावाबद्दल, पंच म्हणून त्यांच्या करडेपणाबद्दल अनेकांनी चांगले लिहिले आणि बोलले. ते सगळे खरे आहे. मला मात्र आधी एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. गेल्या वर्षी पुरानंतर आमच्या जिल्हा कबड्डी लीगचे जे नवे वेळापत्रक निघाले, त्याखाली साळवे सरांचे नाव छापलेले होते. ते त्यांनी केलेले नव्हते. मी केले होते.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवत आणि उरलेल्या वेळात कबड्डीचे पंच असत. मी क्रीडाशिक्षक म्हणून जालन्यात नवा आलो तेव्हा एका तालुका स्पर्धेत त्यांनी माझ्याच संघाचा निर्णायक गुण नाकारला होता. मी तावातावाने भांडायला गेलो, तर त्यांनी मला आधी पाणी दिले आणि मग चढाईपटूच्या टाचेचा ठसा दाखवला. मैत्री तिथे सुरू झाली. पुढे आठ संघांची लीग उभी राहिली, खेळाडूंना मानधन मिळू लागले, मातीच्या जागी मॅट आली, मी चिटणीस झालो. ते मला थट्टेने 'चिटणीससाहेब' म्हणत आणि त्या हाकेत मान किती नि टोमणा किती, हे मला वीस वर्षांत नीट ओळखता आले नाही.

सामन्यांचा तक्ता पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे होता. त्यांच्या घरी एक जुना कॅरम बोर्ड होता, त्यावर कधी कोणी कॅरम खेळलेले मी पाहिले नाही. आठ सोंगट्यांवर आठ संघांची नावे कागदावर लिहून चिकटवलेली. एक सोंगटी जागेवर ठेवायची आणि बाकीच्या सात तिच्याभोवती एकेक जागा सरकवायच्या. ज्या समोरासमोर येतील त्यांचा सामना. एवढे तर कोणालाही जमले असते. सरांचे खरे काम त्यानंतर सुरू होई. कोणता संघ किती लांबून येतो, कोणाचे खेळाडू कारखान्यावर रात्रपाळी करतात, कोणाला लागोपाठ दोन दिवस खेळावे लागते, हे ते एकेका सोंगटीवर बोट ठेवून पुटपुटत बसत. लागोपाठ दोन दिवस त्यांनी कधी कोणाला खेळवले नाही. मग तक्ता कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने उतरे आणि सामने जिथे होत त्या सभागृहाच्या भिंतीवर लागे. शेजारी खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली असे. एक पूर्ण दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत, कोणत्याही कर्णधाराने येऊन हरकत लिहावी. हरकत पटली तर सर खोडरबर काढत. पाचनंतर तो शाईने पक्का होई आणि मगच छपाईला जाई.

एका वर्षी अंबडच्या कर्णधाराने हरकत लिहिली की सामन्याच्या दिवशी मेहुणीचे लग्न आहे. मी हसलो आणि म्हणालो, की सर, अशाने उद्या लोक बारशाची हरकत घेतील. सर पेन्सिल कानामागून काढत म्हणाले, "लग्न पुढं ढकलता येत न्हाई चिटणीससाहेब, चढाई येती." अंबडचा सामना हलला. पेन्सिलीच्या त्या दिवसाचा मला नेहमी कंटाळा येई. छपाईवाला खोळंबे, प्रायोजकांचे फोन येत. मला वाटे, एका माणसाच्या हट्टापायी सगळ्यांचा दिवस फुकट जातो.

गेल्या वर्षी लीगचे तीन आठवडे झाले आणि गोदावरी पात्राबाहेर आली. घनसावंगी तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. कुंभार पिंपळगावच्या पुढचे रस्ते तुटले. आमचा गोदाकाठ संघ त्याच पट्ट्यातला. त्या संघाचे तीन सामने झाले होते, चार राहिले होते. दोन खेळाडूंची घरे बसली होती. कैलास नावाचा त्यांचा चढाईपटू, जो त्या मोसमात सगळ्यांत पुढे होता, तो म्हशी सोडवायला छातीभर पाण्यात उतरला होता, असे आम्ही ऐकले. आम्ही दोन दिवस सगळे थांबवले आणि मग बाकीच्या सात संघांचे आपसांतले सामने उरकून घेतले. उरले ते फक्त गोदाकाठचे चार, आणि दसऱ्याला ठरलेला अंतिम सामना.

सर म्हणाले, आधी त्यांना विचारून येतो. मी म्हणालो, फोनवर विचारू. ते म्हणाले, ज्याच्या घरात चिखल आहे त्याला फोनवर 'कव्हा खेळता' विचारणे बराबर नाही. आणि ट्रॅक्टर, पायी, जसे जमेल तसे ते गेले. जाताना एवढे सांगितले की बाकीच्या सात संघांचाही यात काही गुन्हा नाही, त्यांच्या नोकऱ्या आहेत, रजा आहेत. दोन्हीकडचे पाहून तक्ता करू, तोवर काही छापू नका.

ते गेले त्याच दुपारी आमच्या मुख्य प्रायोजकांचा निरोप आला. अंतिम सामना दसऱ्यालाच हवा, पाहुणे ठरले आहेत, दसऱ्यानंतर सभागृह मिळणार नाही, वेळापत्रक आज संध्याकाळपर्यंत जाहीर करा. मी सरांना फोन लावला. नदीकाठचे टॉवर बंद होते. फोन लागत नाही, हे मी पुढे वर्षभर स्वतःला कारण म्हणून देत राहिलो. खरे तर तो लागू नये, अशीच माझी इच्छा होती.

मी तक्ता केला. गोदाकाठचे चार सामने, सलग चार संध्याकाळी. प्रत्येक संघाचे सामने सात, प्रत्येकाला गुण मिळवण्याची सारखी संधी. नियमात कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला. समोर येणारे चारही संघ आठवडाभर विश्रांती घेऊन येणार होते आणि हे चिखल उपसून येणार होते, हे मला दिसत नव्हते असे नाही. खाली नाव घालायची वेळ आली तेव्हा छपाईवाल्याने विचारले, "नेहमीप्रमाणेच ना?" मी हो म्हणालो. साळवे सरांचे नाव असले की जिल्ह्यात कोणी वाद घालत नसे. म्हणून तर मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कॅलेंडरचा घडी घातलेला कागद. सभागृहाच्या भिंतीवर रंगीत, छापील वेळापत्रक लागलेले होते. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचले. स्वतःच्या नावाशी थोडे थांबले. मग हातातला कागद आणखी एक घडी घालून खिशात ठेवला... मी जवळच होतो. त्यांनी मला काही विचारले असते तर मी सगळे सांगितले असते, असे मला आजही वाटते. पण त्यांनी विचारले नाही.

गोदाकाठचा संघ आला. पहिला सामना जिंकला, दुसरा बरोबरीत सुटला. तिसऱ्यात ते नुसते उभे होते. चौथ्या संध्याकाळी कैलास चढाईला गेला, वळताना त्याचा उजवा गुडघा मॅटवर राहिला आणि शरीर पुढे गेले. तो आवाज बाकावर बसलेल्या आम्हा सर्वांना ऐकू आला. त्याला बाहेर नेले तेव्हा त्याच्या एका सोबत्याने सरांसमोर उभे राहून विचारले, "सर, चार दिवसांत चार? तुमी?" सर त्याच्याकडे पाहत म्हणाले, "चूक झाली बाबा. माझी." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. दसऱ्याला अंतिम सामना थाटात झाला. बक्षीस समारंभाचे आभारप्रदर्शन मी केले.

कैलास पुन्हा चढाईला उतरू शकला नाही. पुण्याच्या एका व्यावसायिक संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले होते, ते राहिले. गावोगाव 'साळवे सरही प्रायोजकांचे झाले' असे बोलले गेले. ते माझ्याही कानावर येई आणि मी विषय बदलत असे. सरांनी त्यानंतर तक्ता करायला वयाचे कारण सांगून नकार दिला. आमचे येणेजाणे मात्र थांबले नाही. मी जाई, वहिनी चहा आणत, कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून ठेवलेला असे आणि आम्ही दोघेही त्याच्याकडे पाहत नसू.

ते जाण्याच्या साधारण वीस दिवस आधी मी निश्चय करून गेलो होतो. चहा झाला. मी म्हणालो, "सर, ते गेल्या वर्षीचं..." त्यांनी हात वर केला, पंच खेळ थांबवताना करतात तसा. म्हणाले, "ते मला कशाला सांगून राह्यले? मला म्हायत्ये. ज्यांला सांगायचं त्यांला सांगा." आणि मग ते बराच वेळ गल्लीतल्या नव्या गटाराबद्दल बोलत राहिले. मी पुढच्या रविवारी जायचे ठरवले. मग त्याच्या पुढच्या.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गोदाकाठचे सगळे खेळाडू आले होते, कैलासही, किंचित लंगडत. तिथे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. पण त्यानंतर चौथ्या दिवशी मी अंकुशनगरला गेलो. कैलास आता तिथे कारखान्यात काम करतो. पाळी सुटल्यावर आम्ही फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. मी सांगितले. छापील कागदाचे, प्रायोजकांच्या निरोपाचे, नावाचे, सगळे. सांगताना मी ग्लासाकडे पाहत होतो.

त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "म्हायतंय आमाला, सर."

मी वर पाहिले.

"तक्ता पाह्यला तव्हाच वहीम आल्ता, म्हणून तर सरांला तसं विचारलं. साळवे सरांनं कव्हा लागोपाठ दोन दिस ठिवलेत का कोणाला? आन् पेन्सिलीचा कागद लागलाच न्हाई. छापीलच आल्ता डायरेक्ट." तो थोडा हसला. "आमी भांडाया निघाल्तो तुमच्याकडं. सरांनं थांबिवलं. म्हणले, ते येतील, आपल्या पायानं येतील, तुमी जाऊ नका. मंग आमी वाट पाहून राह्यलो."

"वर्षभर?" मी विचारले.

"मंग. तुमी लई टाइम लावला."

त्याने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार मला आहे, असे वाटले नाही. उठताना त्याने गुडघा हाताने धरून सरळ केला, ती त्याची आता सवय झाली असावी. टपरीवाल्याला म्हणाला, या सरांचे पैसे घेऊ नको.

परत आल्यावर वहिनींनी तो कॅरम बोर्ड माझ्या हवाली केला. सोंगट्यांच्या डबीत बोटभर उरलेली पेन्सिल होती आणि तो कागद, चार घड्यांचा, कडेला वाळलेला चिखल. मी उलगडून पाहिला. गोदाकाठच्या प्रत्येक सामन्यानंतर निदान एक दिवस मोकळा. समोरच्या दोन नोकरीवाल्या संघांसाठी एकेक रविवार राखलेला. अंतिम सामना दसऱ्यानंतर चार दिवसांनी, अंबडच्या शाळेच्या पटांगणात, आणि कंसात 'मुख्याध्यापकांशी बोललो' असे लिहिलेले. सगळे जमत होते. फक्त दसरा हलला असता. खाली नावाची जागा कोरी होती, कारण तो कागद अजून भिंतीवर लागायचा होता.

या वर्षीचा तक्ता करायला कोणी तयार होईना, म्हणून गेल्या आठवड्यात मी बसलो. सोंगट्या सरकवायला मला तीन संध्याकाळी लागल्या. कॅलेंडरचा पाठकोरा कागद भिंतीवर लावला, शेजारी सरांची पेन्सिल दोऱ्याने बांधली. दिवसभर कोणी आले नाही. साडेचारच्या सुमाराला कैलास आला. तो आता गोदाकाठचा प्रशिक्षक आहे. कागदापुढे बराच वेळ उभा राहिला आणि मग लिहून गेला. हरकत त्याच्या संघाची नव्हती. जालना शहर संघाला लागोपाठ दोन दिवस आले होते, ते माझ्या नजरेतून सुटले होते.

मी खोडरबर घेतला, सामना हलवला. पाच वाजले, कागद उतरवून शाईने पक्का करण्याची वेळ झाली. खाली, जिथे इतकी वर्षे सरांचे नाव असे, तिथे दिवसभर काहीच नव्हते. ते राहून गेले नव्हते, मी मुद्दामच कोरे सोडले होते, हे तेव्हा ध्यानात आले. मी ती बोटभर पेन्सिल धरली, स्वतःचे नाव लिहिले आणि कागद उतरवला नाही. आणखी एक दिवस तो भिंतीवर राहू दिला... त्या नावाला कोणाची हरकत असेल तर.