चहाच्या डब्यातलं हिरवं लुगडं

काटकसरीचं कौतुक माझ्यासमोर कुणी करू नये. माझं डोकं फिरतं. घरात चहा मी भरपूर दूध घालून करते, दिवा जळत राहिला तर राहू देते. सुना हसतात. हसू देत.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिरजगावात होतो. वडील एका किराणा दुकानात पुड्या बांधायला जायचे. थोरली बहीण, आमची आक्का, त्याच उन्हाळ्यात नेवाशाकडे दिलेली. लग्नानंतरची तिची पहिली पंचमी तोंडावर आली होती. पंचमीला माहेरचं माणूस मुऱ्हाळी म्हणून जातं आणि लेकीला घेऊन येतं. वडीलच जाणार होते. पण एस्टीनं जायचं, तिला आणायचं, पुन्हा पोचवायचं, आणि परत धाडताना नवं लुगडं नेसवायचं. एवढा पैसा घरात नव्हता.

मग आईनं कंबर कसली. चहा बंद झाला आणि त्याचाच रिकामा डबा पैशांसाठी देवळीत बसला. काडेपेटी नको म्हणून मी शेजारच्या चुलीतला विस्तव गोवरीवर घेऊन यायची. रॉकेल वाचावं म्हणून उजेड आहे तोवर जेवणं उरकायची. वडिलांनी तंबाखू सोडली आणि चिडचिड धरली. माझ्या केसांना तेल मिळेना, त्यावरून मी रोज भांडायची. "थेंबे थेंबे तळे साचे," वडील म्हणायचे. गावचं तळं तेव्हा ठणठणीत कोरडं होतं.

पंचमी जवळ आली तेव्हा डब्यात गाडीभाड्यापुरतं जमलं होतं, लुगड्याचं नव्हतं.

वडील म्हणाले, "मी जातो. लुगड्याचं बघू मागनं."

"रिकाम्या हातानं लेक परत धाडायची? सासू जल्मभर टोचून खाईल तिला," आई म्हणाली. "दिवाळीला आनू. तवर लुगडंबी हुईल."

वडील गेले नाहीत. पुढच्या बाजाराला आक्काच्या गावचा एकजण भेटला. म्हणाला, "पोरगी गाठोडं बांधून ओट्यावर बसली हुती. पंचमी सरली तरी गाठोडं सोडंना." आई त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतर आईनं डब्याला आणखी जोर लावला. दिवाळीच्या आधीच लुगडं आलं. हिरवं, लाल काठाचं. ते ट्रंकेत ठेवलं होतं आणि मी येताजाता उघडून वास घ्यायची. आक्का नेसली की मलाही एकदा गुंडाळायला देईल, असं मनात होतं.

वसुबारसेच्या सकाळी तिच्या सासरचा माणूस दारात आला. विहिरीच्या तळाचं पाणी बाधलं होतं. उलट्या-जुलाबानं आक्का गेली होती. तो खाली बघून म्हणाला, "लुगडं घिऊन चला. तुमच्यासाठीच थांबल्यात सारी."

सवाष्ण गेली की अखेरचं लुगडं माहेरचं लागतं. आईनं ट्रंक उघडली. डब्यातलं गाडीभाडं वडिलांनी खिशात घातलं आणि आम्ही निघालो. रस्ताभर मला डब्याचाच राग येत होता.

आक्काला अंगणात ठेवलं होतं. बायकांनी वाट करून दिली. आईनं घडी मोडली, लुगडं तिच्या अंगावर पसरलं, काठ नीट केले आणि तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली,

"बघ गं बाई, रिकाम्या हातानं न्हाई आले मी."