काचेमागच्या अंगठीचं माप

केमालनी खिशातून स्प्लिंट काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा ते स्प्लिंट राहिलंच नव्हतं. त्याची अंगठी झाली होती.

मी कार्डिफच्या एका सरकारी हॉस्पिटलात हँड थेरपिस्ट होते. स्प्लिंट म्हणजे दुखावलेला सांधा हलू नये म्हणून बसवायचं कडक प्लास्टिकचं कवच. प्लास्टिकचा सपाट तुकडा गरम पाण्यात सोडायचा, मऊ झाला की पेशंटच्या हातावर दाबून धरायचा. गार झाला की तोच आकार कायम. घरी जाताना प्रत्येकाला बजावायचं, गरम पाण्यात बुडवू नका, आकार जाईल. केमालनी माझ्या सगळ्या सूचनांपैकी नेमकी हीच लक्षात ठेवली आणि घरी जाऊन किटली लावली.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"झिहगीर," ते म्हणाले. जणू मी नाव विचारलं होतं.

केमाल पन्नाशीचे, मूळचे तुर्कस्तानचे. कार्डिफमध्येच त्यांचं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान होतं. उरलेला सगळा जीव तिरंदाजीत. तुर्की पद्धतीत धनुष्याची दोरी तीन बोटांनी नाही, अंगठ्यानं ओढतात. दोरीनं अंगठा कापू नये म्हणून त्यावर एक अंगठी चढवायची, तीच झिहगीर. ही विद्या मध्यंतरी जवळपास बंद पडली होती. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत काही वेडी माणसं जुनी पुस्तकं आणि म्युझियममधल्या वस्तू बघून ती पुन्हा उभी करत होती. केमाल त्यांतले एक. शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे धागे चिकटवून त्यांनी स्वतः धनुष्य केलं होतं आणि ते वर्षानुवर्षं वाळवलं होतं. शरद ऋतूत अशी सगळी मंडळी इस्तंबूलला जमणार होती. तिथे, आपल्या माणसांसमोर, त्यांना त्या धनुष्यातून बाण सोडायचा होता.

आणि उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सांध्याला बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट, ताणला गेला होता. सहा आठवडे पूर्ण विश्रांती, असं मी सांगितलं होतं. तो पट्टा तुटला असता तर बाण राहू दे, दुकानातली कात्रीसुद्धा धरता आली नसती.

सकाळपासून बसून माझी पाठ धरली होती. रागवायलाही त्राण लागतं. तेवढ्यात दारातून नीता डोकावली. नीता आमची टीम लीड. जन्म लेस्टरचा, मराठी घरात ऐकून आलेलं. पेशंटला कळू नये असं काही असलं की ती मराठीत बोलायची.

"ताई, तुमचा क्लिनिक परत लेट. ही पेशंट अ‍ॅडव्हाइस ऐकत नाही ना? डिस्चार्ज करा त्याला. वेटिंग लिस्ट बघितला का? आणि पुढच्या मंथपासून रेडीमेड स्प्लिंट. स्मॉल, मीडियम, लार्ज. हा गरम पाणीचा टाइमपास बंद."

"बघते," मी म्हटलं. वाद घालायचं मी केव्हाच सोडलं होतं.

डिस्चार्जचा, म्हणजे उपचार थांबवल्याचा, कागद पुढे ओढला. मग सहज त्यांनी केलेली अंगठी त्यांच्या अंगठ्यावर चढवून पाहिली. चोख बसली. आश्चर्य वाटलं.

"तुमची आधीची अंगठी आहे का जवळ?"

होती. शिंगाची, सुंदर घासलेली. आतून चामड्याची पट्टी कोंबलेली. ती त्यांच्या अंगठ्यावर चढवून मी तिच्यात दोरीसारखी एक पट्टी अडकवली आणि ओढली. अंगठी गर्रकन फिरली आणि तिच्याबरोबर अंगठा बाजूला कलंडला. केमाल कळवळले.

"ही कुणाच्या मापाची?"

"इस्तंबूलच्या म्युझियममध्ये काचेमागे आहे ती," ते अभिमानानं म्हणाले. "कॅटलॉगमध्ये माप दिलंय. केसाएवढाही फरक केला नाही."

"केमाल, तुम्ही गिऱ्हाइकाची पँट शेजाऱ्याच्या मापानं कापता?"

त्यांनी अंगठी काढून तळहातावर घेतली. मग म्हणाले, "मला शिकवायला कुणी उरलं नाही. माझ्याजवळ फक्त मापं आहेत. एक बदललं की पुढचं सगळं माझ्या मनाचं. मग ते आमचं कसं राहील?"

 त्या अंगठ्याची काळजी मला खरोखर वाटत होती.

"ज्याची ती अंगठी, त्यानं ती स्वतःच्या अंगठ्यावर बसवून घेतली असणार," मी म्हटलं. "नक्कल करायचीच तर त्या माणसाची करा. आणि आधी विश्रांती, इस्तंबूल त्यात आलं तरी."

डिस्चार्जचा कागद बाजूला ठेवून मी पाणी तापवलं आणि नवीन स्प्लिंट केलं. जाताना त्यांनी कचऱ्यातले प्लास्टिकचे उरलेले तुकडे मागितले. मी पिशवीभर दिले.

शेवटच्या तपासणीला आले ते इस्तंबूलहून परतून. स्प्लिंट जसंच्या तसं होतं. पट्टा जुळला होता, चिमटीत जोर आला होता.

"बाण सोडलात?"

"नाही. धनुष्य दुसऱ्यानं ओढलं. मी मागे उभा होतो." त्यांचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं. माझ्याच सांगण्यावरून ते मागे उभे राहिले होते.

मग नाक पुसून ते हसले. "तिथे निम्म्या लोकांच्या दुखऱ्या अंगठ्यांना बँडेज. सगळ्यांची अंगठी तीच, काचेमागची. हॉटेलच्या किटलीत तुमचे तुकडे तापवले आणि एकेकाचं माप घेत बसलो. पुढच्या वर्षी मी ओढणार आहे."

त्यांना मी डिस्चार्ज केलं, या वेळी रीतसर. नीता खूष झाली.

रेडीमेड स्प्लिंटचे खोकेही ठरल्याप्रमाणे आले. पहिल्याच पेशंटला स्मॉल घट्ट झालं आणि मीडियम गळून पडलं. मी दार लोटलं आणि पाणी तापायला ठेवलं.