जयरामची तांबडी गाडी आणि शाळेपुढचा हम्प

आमच्या गावात शाळेचं उद्‌घाटन झालं नसेल एवढ्या थाटात हम्पचं उद्‌घाटन झालं. रस्त्यावरचा साधा हम्प, ज्याला सरकारी भाषेत गतिरोधक म्हणतात. पण त्याला फीत बांधली होती, नारळ फोडला होता आणि कडेला संगमरवरी पाटी बसवली होती, ती हम्पपेक्षा रुंद होती. पाटीवर नाव होतं पंच जयराम गावस यांचं. मी तेव्हा समोरच्या शाळेत शिकवत होते. मुलांना रांगेत उभं करून टाळ्या वाजवायला लावायचं काम माझ्याकडे आलं आणि ते मी मनापासून केलं.

मनापासून अशासाठी की तो हम्प उगाच झाला नव्हता. गोव्यात पाळी गावाहून आत वळलं की आमचं गाव. त्या दिवसांत खनिजाचे ट्रक रस्त्यावरून असे सुटायचे की शाळेची जनेलं-दारं लावून घेतली तरी फळ्यावर लाल धूळ बसायची. एके दुपारी तिसरीतली सुविधा रस्ता ओलांडताना ट्रकच्या धडकेत सापडली. तिला उचलून स्वतःच्या ट्रकमधून डिचोलीच्या इस्पितळात नेलं ते जयरामनं. पोरीचा पाय वाचला, पण थोडा आखूड राहिला. त्या रागात जयराम पंचायतीच्या निवडणुकीला उभा राहिला, निवडून आला आणि त्याच्या घरापासून हमरस्त्यापर्यंत हम्पच हम्प घालून मोकळा झाला. एवढे उंच हम्प नियमात बसत नाहीत असं कंत्राटदार म्हणाला. जयराम म्हणाला, "नियम घराक ने. ट्रकवाल्याची कंबर हालली पायजे."

कंबर हलली ती पुढे आमचीच. स्कूटरवरून डिचोलीला जाऊन आलेला माणूस संध्याकाळी पाठीला तेल चोळत बसायचा. पण कुणी कुरकुर केली की जयराम सुविधाकडे बोट दाखवायचा आणि आम्ही गप्प व्हायचो.

मग खाणी बंद झाल्या. खनिज वाहणारा जयरामचा ट्रकही दारात उभा राहिला, पंचपदही गेलं. नेमकं तेव्हाच खाणीच्या गोदामातलं भंगार काढायला लागले आणि त्यात ती गाडी निघाली. पोर्तुगीज अमदानीत खाणमालकानं विलायतेहून मागवलेली स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, कापडी टपाची. आम्ही लहान असताना मालकाचा मुलगा ती घेऊन गेला की बाकीची पोरं धूळ चुकवायला पळायची आणि जयराम एकटा तिच्या मागून धावायचा. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. जयरामनं ती ट्रकमध्ये घालून घरी आणली. ती त्या ट्रकची शेवटची खेप. ट्रक विकला आणि पुढच्या वर्षी त्याच्या पत्र्याच्या शेडीत गाडी गेली. कमलाक्षीला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं होतं की ट्रक गेला तर शेड आपल्याला कोकमाची सोलं वाळवायला मिळेल. एक हंगाम मिळाली, तेवढीच.

पुढची कित्येक वर्षं जयरामनं दुसरं काही केलं नाही. ज्या मातीच्या कुंडल्यात कमलाक्षी माशांचं हुमण करायची, त्यात कार्बुरेटरचे सुटे भाग पेट्रोलमध्ये भिजत पडले. ते कुंडलं पुन्हा चुलीवर चढलं नाही. बाबली मिस्त्री वेल्डिंगला यायचा, गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, आणि जुन्यातलं काही शिल्लक राहिलंय का असं मी विचारलं की हळूच म्हणायचा, "नाव आसा मगो बाई." डॅशबोर्ड परसातल्या फणसाच्या फळीचा झाला. जयराम मोबाइलवर कुणा विलायती म्हाताऱ्याला आपल्या गॅरेजात अशीच गाडी जुळवताना बघायचा आणि हळूहळू त्याच्यासारखाच हनुवटीवर हात ठेवून, डोळे बारीक करून बोलायला लागला. घरात गॅसचा सिलेंडर संपला तरी तो आधी डोळे बारीक करायचा.

रंग दिला तो लालभडक. पाव विकणाऱ्या पोदेराला सायकलवरून येताना वळणापासूनच शेडीत काय पेटलंय असं वाटायचं. कमलाक्षी म्हणाली, "आंधळ्याकूय दिसतली."

चेष्टा ती करायची, पण वाट तीही बघत होती. गाडी झाली की तिला शेजारी बसवून इब्रामपूरला माहेरी न्यायचं, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. आयुष्यभर ती माहेरी ट्रकच्या केबिनमधून नाहीतर बसमधून गेली होती. म्हापशाच्या बाजारातून तिनं केसांना बांधायला निळा रुमाल आणून ठेवला आणि मलाच तेवढा दाखवला. माझी तेव्हाची सगळी थट्टा त्या रुमालापुढे जिरली.

अखेर गाडी चालू झाली. इंजिनाचा आवाज ऐकून जयराम लहान पोरासारखा रडला, ते मी पाहिलंय. हार घातला, नारळ फोडला, गाडी दारातून बाहेर आली आणि घरासमोरच्या पहिल्या हम्पवर खर्रकन घासून थांबली. सायलेन्सर रस्त्यावर पडला. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं, आणि हम्प तर जयरामनं स्वतः उभं राहून घालून घेतलेला. इतकी वर्षं गाडीचा नट न् नट मोजणाऱ्या माणसाला दारातला हम्प मोजायचं सुचलं नाही. आम्ही हसलो. पाठीला तेल चोळून चोळून जे साठलं होतं ते सगळं हसलो.

इतक्यात पणजीहून जुन्या गाड्यांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. मी म्हटलं, टेम्पोत घालून ने. तो म्हणाला, "भंगार होती तेव्हा ट्रकातसून हाडली. आता आपल्या चाकांनी जातली."

आणि तो ग्रामसभेत उभा राहिला. हम्प घालायला सांगताना होता तोच आवाज, तेच हातवारे. हम्पमुळे म्हाताऱ्यांच्या पाठी जातात, रुग्णवाहिका अडते, गरोदर बायकांचे हाल होतात. आम्ही इतकी वर्षं जे त्याला सांगत होतो ते सगळं त्यानं आम्हालाच पटवून दिलं. "आता ट्रक खंय आसत? हम्प कोणासाठी?" मी म्हटलं, खाणी परत सुरू होणार म्हणतात. तो म्हणाला, "बाई, ता आमी कधीपासून आयकतंव." लोकांनी माना डोलावल्या. आमच्या ग्रामसभेत माना डोलावणं हे हजेरी लावण्यासारखंच आहे.

सुविधा तिथेच बसली होती. ती आता त्याच शाळेत माझ्या जागी शिकवते. कुणीतरी तिला विचारलं. ती उठून म्हणाली, "काकानी घातले. काका म्हणतत तर काढूया." जयरामनं तिच्याकडे पाहिलं नाही. मला त्याचा इतका संताप आला की शाळेपुढचा हम्प काढलात तर मी त्याच्यावर शाळेतलं कदेल टाकून बसेन असं मी भर सभेत सांगितलं. म्हणून तो एक राहिला, बाकीचे खरवडून गेले. शाळेपुढे फळ्या टाकून गाडी काढू, असं जयरामनं ठरवलं.

पुढच्याच आठवड्यात खाण सुरू झाली.

जयराम पणजीला निघाला त्या शनिवारी सकाळी मी शाळेच्या फाटकात उभी होते. लपवत नाही, मजा बघायलाच गेले होते. गाडी गुळगुळीत रस्त्यावरून तरंगत आली. जयरामनं टोपी घातली होती, शेजारी कमलाक्षी, नवी साडी आणि निळा रुमाल. ती मला बघून हसली. त्या क्षणी गाडी पार व्हावी असं मलाही वाटलं. बाबलीनं हम्पच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावल्या. पुढची चाकं वर चढली, एक फळी सटकली आणि गाडी पोटावर हम्पच्या माथ्यावर बसली. पुढची चाकं हवेत फिरत राहिली. रस्त्यापलीकडच्या घरांतली चिमुरडी घेऊन सुविधा गाडीच्या पुढून ओलांडत होती. मुलं ती फिरणारी चाकं बघून हसत थांबली.

तेवढ्यात समोरून, हमरस्त्याकडून, रिकामा ट्रक आला. वाटेत त्याला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. जयरामनं हॉर्न दाबला, तो जुना हॉर्न पों करून बसला. सुविधानं मुलांना फाटकाकडे ढकललं. तिला स्वतःला त्या पायानं धावता येईना. ती गाडीच्या बॉनेटला धरून उभी राहिली. ट्रकची चाकं किंचाळली आणि ट्रक तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. सावंतवाडीकडचा तरुण माणूस, महादेव नावाचा, चेहरा पांढराफटक. "माका पोरां दिसूकच नाय," तो म्हणाला. "ही तांबडी गाडी दिसली म्हणान लांबसूनच बिरेक दाबलंय."

जयराम उतरला. टोपी रस्त्यावर पडली ती त्यानं उचलली नाही. सुविधाचे दोन्ही हात धरून तो फक्त विचारत राहिला, "लागलां काय गो? लागलां काय?" ती म्हणाली, "नाय काका." तरी तो विचारतच होता.

पाच-सहा पुरुष जमले, महादेवही आला. गाडी हलकी होती, उचलली गेली असती. बाबलीनं विचारलं, "काका, फुडे काय मागे?"

पुढे ठेवली असती तर तिथून थेट पणजीपर्यंत तिला अडवणारं आमच्या गावात काही राहिलं नव्हतं. जयराम त्या मोकळ्या रस्त्याकडे बघत राहिला. मग त्यानं कमलाक्षीकडे पाहिलं. तिनं केसांचा रुमाल सोडला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"मागे," तो म्हणाला.

पुढच्या ग्रामसभेत तो तिसऱ्यांदा त्याच विषयावर उभा राहिला. लोकांनी माना डोलावल्या. कमलाक्षी इब्रामपूरला बसनं जाऊन आली. गाडी शेडीत आहे. रविवारी तो तिचं इंजिन चालू करतो, कमलाक्षी रुमाल बांधून शेजारी बसते आणि दोघं उभ्या गाडीत चहा पितात.

हम्प पुन्हा घातले तेव्हा फीत नव्हती, नारळ नव्हता. जयराम मात्र सकाळपासून उन्हात कामगारांपाशी उभा होता. घरासमोरचा हम्प झाला तसा तो खाली वाकला आणि हाताची बोटं आडवी लावून बघू लागला.

"आणखी चार बोटां घाल."

कंत्राटदार तोच, जुना. तो म्हणाला, "काका, मग तुमची गाडी कधीच भायर पडूची नाय."

"ठावक आसा," जयराम म्हणाला. "घाल."