यावं, हळू

गुडघेदुखीचं माझं औषध ठरलेलं होतं. सुप्याच्या सरकारी दवाखान्यातलं तपकिरी, कडूजहर मिश्रण. बाटलीच्या अंगावर कंगोरे कापलेली कागदाची पट्टी, एका कंगोऱ्याला एक घोट. बाटली संपली की ती आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जायचं, कंपाउंडर पुन्हा तेच भरून देई. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पण मी होतो.

त्या खेपेला बूच हरवलं म्हणून मी चिठ्ठीचीच गुंडाळी करून बाटलीच्या तोंडात कोंबली होती. तळाचं औषध तिनं पिऊन टाकलं आणि अक्षरं धुऊन गेली. सुप्याला पोचलो तर डॉक्टर फिरतीवर, आणि नेहमीच्या कंपाउंडरच्या जागी धारवाडकडचा नवा माणूस. त्याला मराठी येत नव्हतं. मला कानडी येतं असं मी तीस वर्षं सांगत आलो होतो. बायकोचं माहेर हल्याळकडं, कानडी तिच्या जिभेवरची. "मी येते संगट," ती म्हणाली होती. "मला काय कानडी येत न्हाई व्हय?" असं म्हणत मीच तिला घरी बसवलं.

नव्या माणसानं चिठ्ठीवरच्या निळ्या डागाकडं बघितलं, पानानं फुगलेल्या माझ्या गालाकडं बघितलं आणि विचारलं, "हल्लु नोवा?"

हळू, नवं? म्हणजे चालणं हळू झालंय ते नवीन आहे का. काय बारीक चौकशी! "न्हाई, न्हाई, जुनंच हाय," मी म्हटलं, आणि कानडीचा मान राखायला वर "हौदु, हौदु", म्हणजे होय, होय, असं जोडलं.

त्यानं माझी बाटली बाजूला सारली, बोटाएवढी शिशी भरून दिली, वर कापसाचा बोळा दिला, आणि म्हणाला, "याव हल्लु?"

यावं, हळू! सरकारी माणसानं इतक्या आदबीनं मला कधी निरोप दिला नव्हता. मी हात जोडले आणि हळूच पायऱ्या उतरलो. मागून तो आणखी दोनदा तेच ओरडला. मी दोन्ही वेळा वळून हात जोडले.

"एवढीशीच?" बायकोनं घरी विचारलं. "पट्टी कुठं हाय?"

"आटवून दिलंय," मी सांगितलं, आणि पट्टी नाही म्हणून अंदाजानं निम्मी शिशी तोंडात ओतली. नाक तपकिरीनं भरलेलं, त्यामुळं वासाचा पत्ता नव्हता.

जाळच पेटला! बरंचसं थुंकलो, थोडं पोटात गेलं. मग ओठ गेले, मग जीभ गेली. गालाला चिमटा काढला तर तो शेजाऱ्याच्या गालाला बसल्यासारखा वाटला. आता हे असंच खाली उतरत छातीशी पोचणार, हे मला स्वच्छ दिसलं. मी ओसरीवर आडवा झालो. "म्हशीकडं बघ" असं शेवटचं सांगायचं होतं, बाहेर पडलं, "भफीफं भभ."

बायको घाबरली. तिनं शिशी उचलली. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. "अवो, हे लवंगाचं त्याल! दातदुखीचं. त्यानं काय इचारलं तुमास्नी?"

बोबड्या जिभेनं मी सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून मटकन खाली बसली. मला वाटलं, रडते.

"हल्लु म्हंजे दात वो! दात दुखतोय काय, म्हणून इचारलं त्यानं. याव हल्लु, कुठला दात? आनी तुमी नमस्कार करून आलासा!"

इतके गोड टोमणे मी जन्मात ऐकले नव्हते. लवंग तर आमच्या मसाल्यात रोज असते, तिनं कोण मरतंय? रात्रीच्या जेवणात आमटीचं तिखट जिभेला लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. ते मी तिखटावर ढकललं.

बाजाराच्या दिवशी पुन्हा सुप्याला गेलो, ती पुढं, मी मागं. कंपाउंडरनं मला ओळखलं आणि गालाला हात लावून काळजीनं काहीतरी विचारलं. मी तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, "तुमी गप ऱ्हावा."

मी गप राहिलो, आणि धोतर वर करून त्याला गुडघा दाखवला.