आमच्या पुस्तकातला उभा चंद्र

मुलांसाठी विज्ञानाची चित्रं काढणं हे माझं काम. जळगावात मेहरूणला राहते आणि घरातल्याच एका खोलीत बसून ग्रह, रॉकेट, भिंग, कप्पी असल्या गोष्टी काढत गेली बरीच वर्षं पोट भरते. नातेवाइकांना हे अजून पचलेलं नाही. लग्नकार्यात माझी ओळख "ही ड्रॉइंग करते" एवढीच होते, आणि मग समोरची बाई मेंदी काढतेस का म्हणून विचारते.

ज्या पुस्तकाबद्दल सांगायचंय, ते मुलांना आकाशाची आणि भौतिकशास्त्राची ओळख करून देणारं होतं. मजकूर एका निवृत्त शिक्षकांचा. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. एकेका वाक्यासाठी नाना आठ-आठ दिवस घेत, आणि चुकीचं वाक्य छापण्यापेक्षा पान कोरं सोडा म्हणत. चित्रांच्या बाबतीत हट्टी मी होते. पुस्तकातलं सगळं इथलं दिसलं पाहिजे, ही माझी अट. गुरुत्वाकर्षणाच्या पानावर सफरचंद नको, कैरी पडू दे. घर्षणासाठी बर्फावरची गाडी कशाला, चिखलात रुतलेली कापसाची गाडी आहे की. जडत्वासाठी एसटीनं ब्रेक मारल्यावर पुढच्याच्या अंगावर जाणारी माणसं. आपल्या मुलांनी परदेशी पुस्तकांच्या नकला का बघायच्या, असं मी प्रकाशकांना चांगलं ठणकावून सांगितलं होतं. तेव्हा फार शहाणी होते मी.

चंद्राचं पान माझं सगळ्यात लाडकं. डोंगराआड सूर्य नुकताच गेलाय, कडुनिंबाला झोका बांधलाय, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी त्यावर बसल्यात आणि वर आभाळात तिजेची कोर. कडुनिंब आमच्या गल्लीतला, रोज बघून काढलेला. झोक्याच्या दोराच्या गाठी नीट याव्यात म्हणून शेजाऱ्यांचा दोर मागून आणला होता. पोरींच्या बांगड्यासुद्धा मोजून काढल्या. खाली नानांचं वाक्य होतं : चंद्राची उजळलेली बाजू नेहमी सूर्याकडे असते.

पुस्तक निघालं, शाळांत गेलं, चार लोकांनी कौतुक केलं. मी लगेच पुढच्या पुस्तकाला लागले.

जानेवारीत एका दुपारी फोन आला. पिंपळनेरच्या पुढच्या एका खेड्यातले शिक्षक बोलत होते. त्यांच्या शाळेतली सहावीतली एक मुलगी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात भाग घेणार होती. अमावास्येनंतर रोज संध्याकाळी घराच्या अंगणातून चंद्र पाहायचा आणि दिसेल तसा काढायचा, असा तिचा तक्ता. सरांनी त्याचा फोटो पाठवला होता.

"पहिले तीन-चार चंद्र तिनं आडवे काढलेत, मॅडम. वाटीसारखे. तुमच्या पुस्तकात उभा आहे, कंसासारखा. परीक्षक पुस्तक बघणार. मी सांगून थकलो, ऐकत नाही. म्हटलं, ज्यांनी चित्र काढलं त्यांनीच सांगितलं तर ऐकेल."

माणूस भला होता, पोरीचा नंबर यावा म्हणून धडपडत होता. मी शनीच्या कड्यांत अडकले होते. हात थांबवावा लागला म्हणून थोडी चिडलेही होते. फोटो उघडला, पण मोठा करून पाहिला नाही. सरांनी फोन मुलीच्या हातात दिला.

"बाळा, पुस्तकात आहे तसंच बरोबर आहे," मी म्हटलं. "आम्ही सगळं तपासून छापतो."

मग बारीक आवाजात ती म्हणाली, "पन सूर्य तं खाले जास ना, मॅडम."

"तू अजून लहान आहेस. पुढच्या वर्गात गेलीस की कळेल."

"बरं," ती म्हणाली. दोन मिनिटांत फोन संपला आणि मी पुन्हा शनीकडे वळले.

नंतर महिनाभरानं मेहरूणच्या तलावावर फिरायला गेले होते. दिवस मावळला होता, तलावाच्या पलीकडे थोडा केशरी उजेड उरला होता, आणि त्याच्या बरोबर वर कोर होती. आडवी. दोन्ही टोकं आभाळाकडे, पोट खाली. पाण्यावर कोणी वाटी धरून ठेवावी तशी. जन्मभर मी ती तशीच पाहत आले असणार. सूर्य खाली गेला होता, म्हणून चंद्राची खालची बाजू उजळली होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला? नानांचं वाक्य खरं होतं, पोरगी खरी होती, आणि त्याच वाक्याच्या डोक्यावर मी खोटा चंद्र टांगला होता.

तिथूनच नानांना फोन लावला.

"कोर कुठून घेतलीस?" त्यांनी विचारलं.

कुठून घेतली होती ते मला पक्कं आठवत होतं. कॉम्प्युटरवर मी जी परदेशी चित्रं जमवून ठेवलीत, त्यांतून. कडुनिंब बघून काढला, दोर बघून काढला, आणि चंद्र काय, चंद्र तर सगळ्यांनाच माहीत असतो. तो बघायला मान वर करावी असं वाटलंच नाही. तसं नानांना सांगितलं.

"त्यांच्याकडे तो तसाच दिसतो," नाना म्हणाले. "ते फार उत्तरेला राहतात, तिथं सूर्य तिरका उतरतो. आपल्याकडे या दिवसांत जवळजवळ सरळ खाली जातो, म्हणून कोर आडवी. चूक माझीही आहे. मी वाक्यं तपासली, चित्राकडे प्रेमानं पाहिलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मग मी शाळेतल्या सरांना फोन केला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच आनंदाची बातमी दिली. मुलीनं सगळे आडवे चंद्र खोडून उभे काढले होते आणि तिला तालुक्यात दुसरा नंबर मिळाला होता. "तुमच्यामुळंच झालं हे," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा मी त्यांना काहीच सांगितलं नाही, हेही कबूल करते.

पण झोप लागेना. दुसऱ्यांच्या चुका काढताना माझा आवाज केवढा चढतो ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि इथं अकरा-बारा वर्षांच्या पोरीपुढं मी गप्प बसले होते. शेवटी चंद्राचं पान नव्यानं काढलं, प्रकाशकांकडून पुढच्या आवृत्तीत ते घालायचं कबूल करून घेतलं, सरांना फोन करून सगळं सांगितलं आणि पुढच्या महिन्यातली तीज बघून धुळ्यामार्गे पिंपळनेरची एसटी धरली.

सर मला मुलीच्या घरी घेऊन गेले. घर गावाच्या टोकाला, समोर कांद्याचं शेत, पश्चिमेला सगळं आभाळ मोकळं. असल्या अंगणात बसून चंद्र चुकीचा काढायला माणूस माझ्याइतकाच शिकलेला हवा. वडिलांनी खाट टाकली, पाणी दिलं. तिच्या आईनं दुसऱ्या नंबरचं प्रमाणपत्र आणून दाखवलं. मी ते हातात घेतलं आणि सगळ्यांसमोर मुलीला सांगितलं, की तुझा चंद्र बरोबर होता, माझा चुकला, आणि फोनवर मी तुझा तक्ता नीट न बघताच बोलले.

वडील म्हणाले, "मी तव्हयच सांगं व्हतं, ताई. पोर खोटं नही काढस."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. रागावली नाही, हसलीही नाही. ती म्हणाली, "तुम्ही फोनवर सांगं ना, तव्हय माले वाटनं, आमनाच गावना चांद वाकडा व्हई."

"मग?"

"मंग मामाना गावले गऊ. तठे बी देखं. तठे बी आडवाच."

मी तिला गप्प केलं होतं, आणि तिनं काय केलं, तर जागा बदलून पुन्हा पाहिलं. नाना आणि मी मिळून अख्ख्या पुस्तकात जे शिकवू पाहत होतो, ते ही पोर आमच्या पुस्तकाविरुद्ध करत होती.

"मग पुढं काय केलंस?" मी विचारलं.

"मंग देखनं सोडी दिधं," ती म्हणाली.

बाहेर दिवस मावळला होता. मी उठले आणि तिला अंगणात बोलावलं. शेताच्या पलीकडे, डोंगराच्या वर, तिजेचा चंद्र स्वच्छ दिसत होता. मी बोट करून म्हटलं, "बघ, आणि आता तूच सांग कसा आहे."

ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. नवं पान माझ्या दुसऱ्या हातात होतं, गुंडाळलेलं. वर न पाहता तिनं त्याच्याकडे हात केला.

"पहिले तुमना कागद दखाडा," ती म्हणाली.